बेपत्ता मुलाचा जिवलग मित्र

नोकरीतली बरीच प्रकरणं विसरलो, पण डोंबिवलीतलं हे एक काही केल्या डोक्यातून जात नाही.

नववीतला एक मुलगा शनिवारी शाळेतून घरी आलाच नाही. अल्पवयीन म्हणून आम्ही अपहरणाचा गुन्हा नोंदवला, दवाखाने पालथे घातले. रविवारी सकाळी मानपाड्याच्या एका पानवाल्याने आमच्या हवालदाराला खबर दिली. "काल दोन पोरं तिसऱ्याला रिक्षात कोंबत होती. दोघांच्या तोंडाला दारूचा वास. तो रडत होता नि ही दोघं हसत होती, साहेब!"

वर्गशिक्षिकेला फोन लावला. दोन नावं लगेच मिळाली. हे दोघे त्या मुलाला वर्षभर छळत होते म्हणे. मग वर्षभर तुम्ही काय करत होता, हे ओठांवर आलं होतं, पण वेळ नव्हता.

पहिल्याचे वडील वकील घेऊनच आले. "माहीत नाही" यापलीकडे त्याच्या तोंडून चकार शब्द निघेना. दुसरा तर बेपत्ता मुलाचा पहिलीपासूनचा मित्र. अल्पवयीनांच्या चौकशीच्या नियमाप्रमाणे आम्ही साध्या कपड्यांत, त्याचे आईवडील शेजारी. वडील म्हणाले, "साहेब, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही." पोरगा वेलची चघळत जमिनीकडे बघत होता. तासभर मी दारू कोणी दिली, कुठे प्यायलात, हेच उगाळत बसलो. हा ढिम्म!

हरवलेल्या मुलाची आई बाहेर बाकावर होती. फिर्यादीला चौकशीच्या खोलीत येऊ द्यायचं नाही, ही माझी जुनी सवय. आमच्या महिला हवालदार वैतागून म्हणाल्या, "साहेब, बाईंनी ह्या पोराला लहानपणापासून जेवू घातलंय. एकदा आत येऊ द्या की!"

आल्या. मला वाटलं, थोबाडीत मारतील. त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "कालपासून काही खाल्लंस का रे?"

पोरगा हंबरडा फोडून रडला. "काकू, तो टिटवाळ्याला आहे. माझ्या मामाच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये. आम्ही त्याला जबरदस्ती पाजली, व्हिडिओ काढला, बाहेरून कुलूप लावलं. नंतर भीती वाटली."

कल्याणच्या ट्रॅफिकला शिव्या घालत आम्ही टिटवाळा गाठलं. कुलूप तोडलं. मुलगा उलटीत पडलेला, बेशुद्ध, पण श्वास चालू होता. देवाची कृपा, वाचला.

मी त्या मित्राला नंतर विचारलं, "तुझाच दोस्त ना तो? दया नाही आली?"

"यायची, काका. म्हणून तर आधी प्यायचो. प्यायलं की काही वाटायचं नाही."

तोवर माझा समज होता की पोरं पितात, डोकं फिरतं आणि मग कुणाला तरी छळतात. या पोराने आतली माया गप्प करायला बाटली धरली होती. ती माया मेलेली नव्हती, म्हणूनच काकूंच्या एका प्रश्नाने वर आली. पोरगं दारू पिताना सापडलं की आईबाप त्याला संगत कुणाची, ते विचारतात. तू कुणाला त्रास देतोयस, हे विचारा, असं मी आता पालकांना ठणकावून सांगतो.

बाल न्याय मंडळापुढे दोघांचं जे व्हायचं ते झालं. पुढे तो मित्र माफी मागायला गेला. काकूंनी त्याला घरात घेतलं, पाणी दिलं. आतल्या खोलीतून त्यांच्या मुलाने कडी लावून घेतली, आणि हा जाईपर्यंत ती काढली नाही.