सात नंबरच्या नांग्या

चहा घ्या हातात, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे हसू येईल याची हमी मी देत नाही. एका पोरीचं अख्ख्या हंगामाचं काम मी मातीत घातलं. तेही मोठ्या मायेनं, कंबर धरून.

आमचे हे गेले, त्याच्या आधीच उमरेडकडचं वावर विकलं होतं. उरली मी आणि शहरात बेसा भागातल्या लेकाच्या फ्लॅटची बाल्कनी. तिथं माती किती? तुळशीच्या कुंडीत मावेल तेवढी. मला रिकामं बसवत नाही, अन् रिकामी जागा तर बघवतच नाही. ह्यांची तेरवी झाली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या खाटेच्या जागी मी शिलाई मशीन लावली. सून म्हणाली, "आई, राहू द्या ना ती जागा काही दिवस."

"काहून? पुतळा बसवायचा आहे का तिथं?"

असो. युनिव्हर्सिटीच्या बागेत फुकट राबणारी माणसं पाहिजेत असं कळलं, अन् मी गेले. तिथं पल्लवी नावाची पोर झेंडूच्या जाती तपासत होती. जातीगणिक वेगळा वाफा, खुंटीवर नुसता नंबर. पावसाळ्यात झेंडूला मर लागते, रोप उभ्या उभ्या सुकतं. कोणती जात तग धरते ते तिला पाहायचं होतं, आणि तिची डिग्री त्याच्यावरच अडली होती.

पहिल्याच दिवशी म्हणाली, "आजी, फक्त निंदायचं, तण काढायचं. बाकी कशाले हात नका लावू."

मला सांगते! शाळा चौथीत सुटली, पुढचं सारं किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले, जन्म वावरात काढला. ही कालची पोर मला झेंडू शिकवणार?

सात नंबरच्या वाफ्याची दशा बघवेना. रोपं मरून पडलेली, ओळीत जागोजागी खंड, नांग्याच नांग्या. आता सांगा, शेतकऱ्याच्या घरची बाई रिकाम्या जागा पाहून तशीच पुढे जाईल? मेलेलं उपटायचं, तिथं दुसरं लावायचं. हे काय कोणी सांगावं लागतं? शेडमध्ये दुसऱ्या जातींची उरलेली रोपं पडून होती. पल्लवी मोजायला यायच्या आदल्या दिवशी मी सगळ्या नांग्या भरून टाकायची.

"आजी, सात नंबर मरूनच नाही राहिला," पोर खुशीत.

मी मनात म्हटलं, मरेल कसा, मी आहे ना.

एक दिवस तिच्या मॅडम शेतकऱ्यांना घेऊन आल्या. सगळे सात नंबरपुढे उभे. मॅडम म्हणाल्या, "या जातीला मर लागत नाही. एक रोप गेलेलं नाही."

कन्हानकडचा एक जण पुढे आला. "मॅडम, याचं बी भेटन का? यंदा माहा पुरा झेंडू गेला."

त्याचा चेहरा पाहून मला राहवलं नाही. कौतुक बियाण्याचं चाललंय, अन् हात माझे.

"बियाण्यात काय आहे गा? मेलेलं एक रोप ठेवलं नाही मी. साऱ्या नांग्या भरल्या."

मला वाटलं, आता शाबासकी येते. मॅडमनी पल्लवीकडे पाहिलं. पल्लवीनं वाफ्याकडे.

"आजी," ती हळूच म्हणाली, "मेलेलीच तर मोजायची होती मले."

ओरडली असती तर मी भांडले असते. ती ओरडली नाही.

हंगाम गेला. सात नंबरशिवाय तुलना होईना, सारं पुन्हा पेरावं लागलं. घरी येऊन मी मशीन भिंतीकडे सरकवली. सून ह्यांच्या त्या मोकळ्या जागेभोवतीनं झाडून गेली.

वाटलं, बागेत आता पाय ठेवू देणार नाहीत. पण पल्लवी म्हणाली, "या. तुमचं काम आता एकच. रिकाम्या जागा मोजायच्या. भरायच्या नाही."

परवा नव्या वाफ्यात मधोमध उभी राहून मोजलं अन् सांगितलं, "बारा."

ती काठाच्या धुऱ्यावरून म्हणाली, "तेरा आहेत, आजी."

"काहून वं, आता मोजणंही शिकवतेस मले?"

तिनं नुसतं माझ्या पायांकडे बोट दाखवलं.

तेराव्या नांगीत मीच उभी होते.