मावशींनी न भरलेला अर्ज

मावशींच्या कारखान्यात एकाच पायाचे बूट बनतात, असं लोक चेष्टेनं म्हणत, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. ज्याचा एक पाय आखूड, ज्याची टाच वाकडी, ज्याचं पाऊल आत वळलेलं, अशांचे बूट त्या बनवत. डावा चारचौघांसारखा, उजव्याचा तळ तीन बोटं उंच. कारखाना म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत माप घ्यायचं, मागच्या खोलीत भिंतभर फळ्या, आणि फळ्यांवर लाकडी पावलं, म्हणजे बुटांचे साचे. पोर वाढलं की मावशी नवा साचा कोरत नसत. जुन्यावरच चामड्याचे थर चिकटवून तो वाढवत.

"पायाचं वाकडेपण या लाकडात उतरलंय," त्या म्हणत. "ते फेकून दिलं, तर पोराला पुन्हा पहिल्यापासून रडवायचं का?"

या बुटांवर कर नव्हता. हे काम चालू आहे तोवर कर माफ, असा हुकूम मावशींच्या वडिलांनी करकायद्याखाली मिळवला होता. त्या माफीमुळेच हमालाच्या आणि भाजीवालीच्या पोराला असा बूट परवडायचा. कर लागला असता, तर निम्मी गिऱ्हाइकं दारातूनच परत गेली असती.

मग नवा करकायदा आला. जुना कायदा पहिल्या तारखेपासून बंद, जुन्या माफीवाल्यांनी तीस दिवसांत नवा अर्ज भरावा, असा निरोप फोनवर आला. मावशींचा धाकटा भाऊ कारखान्याचे कागद सांभाळायचा. त्यानं अर्ज छापून आणला आणि सहीच्या जागी फुली मारून ताईपुढे ठेवला.

"ताई, एवढी सही कर. मी नेऊन देतो."

मावशींनी चष्मा लावला. वरच लिहिलं होतं, अर्जदार ही माफी प्रथमच मागत आहे. त्याखाली, फक्त नोंदणीकृत संस्थांसाठी.

"प्रथमच? आणि संस्था? आपली कसली संस्था रे? मी, तू आणि शिवणयंत्र."

"सगळेच भरतायत. नाही म्हणाले तर पुढचं पुढे बघू."

"पुढे बघायला उरेल काय? आमच्याकडे आधी काही नव्हतं, असं आपणच लिहून दिलेलं असेल."

मावशींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, त्याला जुनं कारण होतं. आत्ता जुना झालेला कायदाही एकेकाळी नवाच होता. त्याच्या आधीच्या कायद्यातली माफी वडिलांकडे होती, आणि असाच एक अर्ज त्यांनी मुकाट्यानं भरून दिला होता. माफी गेली. ती परत मिळवायला त्यांनी नऊ वर्षं हेलपाटे घातले, आणि तेवढ्या काळात कितीतरी पोरं बुटाविना लंगडत शाळेत गेली. अर्ज भरायची मुळात गरजच नव्हती, कायद्याच्या पुस्तकाच्या शेवटी तसं छापलेलं होतं, हे त्यांना फार उशिरा कळलं. ती सही त्यांना मरेपर्यंत डाचत राहिली. मुलीला मात्र त्यांनी बजावून ठेवलं होतं की कायदा शेवटून वाचायचा.

मावशींनी नव्या कायद्याचं पुस्तक विकत आणलं आणि शेवटून उघडलं. जुन्या कायद्याखाली दिलेला हुकूम नव्या कायद्याशी विसंगत नसेल, तर तो नव्याखालीच दिला आहे असं समजावं, असं शेवटचं कलम सांगत होतं. मग काही विसंगत सापडतंय का, म्हणून माफीचं सगळं प्रकरण त्यांनी दोनदा वाचलं. काही सापडलं नाही.

तिसाव्या दिवशी त्या भावाला घेऊन करकचेरीत गेल्या. कारकुनानं हुकूम बघून हसून बाजूला सारला.

"मावशी, जुना कायदा संपला. ही आता रद्दी."

"कुठल्या कलमानं?"

त्यानं संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "हे बघा, नवा नंबर टाकल्याशिवाय पुढे जातच नाही."

"मग तुमचं यंत्र अडलंय. मी नाही अडले."

त्यांना साहेबांच्या खोलीत पाठवलं गेलं. साहेब सौम्य होते. नवा कायदा फक्त संस्थांना माफी देतो, तुम्ही एकट्या बाई, म्हणजे तुमचा हुकूम विसंगत ठरतो, असं त्यांनी समजावून सांगितलं आणि विषय संपल्यासारखे मागे टेकून बसले.

"नव्यानं मागणारी संस्था हवी, असं लिहिलंय," मावशी म्हणाल्या. "आधी मिळालेली काढून घ्या, असं कुठे लिहिलंय? माफीच्या प्रकरणाची बत्तीस पानं आहेत. दाखवा, मी इथंच सही करते."

साहेबांनी आपलं पुस्तक ओढलं. उघडताना त्याचा कणा करकरला. ते आज पहिल्यांदाच उघडतंय, हे मावशींच्या कानांनी बरोबर टिपलं. पानं पुढे गेली, मागे आली.

"वर विचारावं लागेल. तोवर कर भरत राहा."

"तोवर म्हणता म्हणता माझ्या वडिलांची नऊ वर्षं गेली. त्यापेक्षा हुकूम रद्द झाला असं लिहून द्या, कलम घाला, खाली सही करा. तुम्ही सही केलीत की मीही करते."

साहेबांनी पेन उचललं आणि परत ठेवलं. भाऊ दाराशी उभा राहून, चल आता, अशा खुणा करत होता. मावशींना भीती वाटत नव्हती असं नाही. पण त्या आपलं पुस्तक मांडीवर धरून बसून राहिल्या.

शेवटी साहेबांनी तो जुनाच हुकूम उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूला 'शेवटच्या कलमानुसार चालू' असं लिहिलं, सही केली, शिक्का मारला. यंत्रातलं मी बघतो, म्हणाले. कागद पुढे करताना मात्र त्यांनी तो सोडला नाही.

"तुमचं काम झालं. बाहेर गवगवा नको. लोक गुपचूप अर्ज भरतायत, सगळं सुरळीत चाललंय."

मावशींनी कागद त्यांच्या हातातून काढून घेतला. तो पुस्तकात ठेवून त्या उठल्या.

बाहेर रांग जिन्यापर्यंत गेली होती. रांगेत पहिला होता एक म्हातारा, बहिऱ्यांची कानातली यंत्रं दुरुस्त करणारा. त्याच्या एका हातात पिवळा पडलेला हुकूम होता, दुसऱ्यात पेन, आणि कारकून बोटानं सहीची जागा दाखवत होता. मावशी थबकल्या. भावानं त्यांचं कोपर धरलं.

"ताई, आपलं झालंय ना? चल घरी."

"बाबांनी सही केली, तेव्हाही रांगेत कुणीतरी असेलच ना रे," त्या म्हणाल्या. "त्याचंही झालं असेल, आणि तो घरी गेला असेल."

त्यांनी कोपर सोडवून घेतलं, टेबलापाशी जाऊन म्हाताऱ्याच्या अर्जावर तळहात ठेवला आणि सांगितलं, "दादा, सही करू नका."

म्हाताऱ्यानं कानामागे हात धरला. "जरा मोठ्यानं बोला. मलाही कमीच ऐकू येतं."

साहेबांच्या खोलीचं दार उघडंच होतं. मावशींनी चष्मा चढवला, पुस्तकाचं शेवटचं पान काढलं आणि जिन्यातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल, अशा आवाजात कलम वाचायला लागल्या.