तेरावी पिशवी

निशाबाई कांबळे यांची माझी ओळख कसबा बावड्यातील प्रौढ वर्गात झाली. मी अडुसष्ट वर्षांची असताना त्यांनी मला अक्षरे शिकवली. पुढे माझी नात स्नेहल हिची शिकवणीही त्या आमच्या घरी घेऊ लागल्या. स्नेहल चाचणीत दुसऱ्यांदा नापास झाली, तेव्हा माझा मुलगा विश्वजित दारात उभा राहून म्हणाला, "मॅडम, आज हिला गणित सुटलं न्हाय, तर उद्यापासनं शिकवणी बंद."

सव्वातीन लिटर दुधाच्या पाव लिटरच्या पिशव्या किती होतील, असे ते गणित होते. स्नेहलने घाबरून बारा लिहिले.

"घ्या! चुकलं की!" विश्वजित ओरडला.

मी जन्मभर घरोघर दूध घातले आहे. उत्तर माझ्या ओठांवर आले, परंतु निशाबाईंनी मान हलवून मला थांबवले. चूक हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. त्यांनी स्नेहलला एवढेच विचारले, "बारा पिशव्यांत किती दूध गेलं?"

स्नेहल बोटांवर मोजू लागली. विश्वजित पाय आपटत होता.

"तीन लिटर," स्नेहल हळूच म्हणाली. "म्हंजे पाव उरलं की!" तिने बारा खोडून तेरा लिहिले.

"उद्या येळंवर या," म्हणून विश्वजित आत गेला.

निघताना निशाबाईंनी मला विनंती केली, "आजी, ती अडली तरी उत्तर सांगू नका."