वाकडी जाणारी होडी

सरळ समोर काठ दिसत असताना होडी वाकडी नेणाऱ्या त्या माणसाचा मला आधी संतापच आला होता.

नव्वदच्या दशकातला उन्हाळा होता. मी नाशिकजवळच्या एका आरोग्य केंद्रात नर्स होते आणि पोलिओच्या डोसांची पेटी मांडीवर घेऊन गंगापूर धरणापलीकडच्या पाड्यावर निघाले होते. मला पोहता येत नव्हतं. होडी मधोमध आली आणि वारा सुटला, लाटांचं पाणी आत उडू लागलं. नावाडी साठीचा होता, अंगात बंडी, कानामागे विझलेली विडी. तो समोरच्या डोंगरातल्या खिंडीकडे डोळे बारीक करून बघायचा, मग वल्हं मारायचा, आणि काठ आणखी लांब जायचा.

"अहो बाबा, सरळ घ्या ना! बुडवता का आता?"

"बाई, सरळ गेलो तर पाटलाच्या आमराईत घुसू," तो शांतपणे म्हणाला. "गाव धरणात गेलं, पन झाडांची खोडं हायेत खाली. पानी उतरलंय, होडी फाडतील. मी आमच्या गाडीवाटंनं चाललोय. वाटंवर कोन झाड लावतं?"

तेवढ्यात एक लाट ओसरली आणि डावीकडे, दहा हातांवर, काळं टोकदार खोड दिसलं. मी मांडीवरची पेटी घट्ट धरली.

पुढे वळण आलं असावं. वल्हं दाबताना त्यानं जिभेनं टक् टक् केलं, बैलांना वळवताना करतात तसं. मी पेटीवरची पकड सैल केली आणि बैलगाडीत बसावं तशी पाय पसरून निवांत बसले.