लव्हर्नच्या गोळ्या, डॉयलचं नाव

लव्हर्न किस्टलर डॉयल मॅकिल्व्हीनवर जळतो, हे आमच्या क्लबात डॉयल सोडून सगळ्यांना माहीत होतं.

लव्हर्न जन्मभर कारखान्यात साचे घडवत आला. निवृत्त झाल्यावर त्याने गॅरेजात हाताने ओढायची प्रेस बसवली आणि आमच्या खेळासाठी गोळ्या बनवायला लागला. आमचा खेळ बघायला आलेला माणूस थोड्याच वेळात कंटाळून निघून जातो. टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर बंदूक टेकवायची आणि शंभर यार्डांवरच्या कागदावर पाच गोळ्या झाडायच्या. पाचही जणू एकाच भोकातून गेल्या पाहिजेत. ज्याचं भोक सगळ्यांत लहान, तो जिंकला. भोकं मोजायला मी बसतो. नेम इथे सगळ्यांचाच चांगला असतो. खरा फरक पाडतात वारा आणि गोळी.

आणि गोळी म्हणजे लव्हर्नची. तांब्याची पातळ वाटी, तिच्यात ठासलेला शिशाचा गाभा, चपटं बूड आणि साच्यात दाबून काढलेलं टोक. त्या टोकाची गोलाई त्याने कित्येक साचे मोडीत काढून शोधली होती. वाटीची भिंत एका अंगाला केसभर जरी जाड निघाली, तरी गोळी फिरताना लंगडते आणि बाकीच्या चौघींना सोडून भलतीकडे जाते. लव्हर्नच्या गोळ्या लंगडत नसत.

पण जिंकायचा डॉयल. शाळेची बस चालवणारा, अखंड बडबड्या माणूस. बंदुकीमागे बसूनसुद्धा शेजारच्याशी मासेमारीच्या गप्पा मारायचा, आणि वाऱ्याची निशाणं क्षणभर लोंबली की पाच गोळ्या सपासप सोडून मोकळा व्हायचा. लव्हर्न घाम पुसत निशाणांकडे बघत राहायचा, आणि दुसरा नाहीतर तिसरा यायचा.

"लव्हर्न, लेका, तुझ्या गोळ्या डोळे मिटून मारल्या तरी तिथेच जातात बघ!" डॉयल एकदा सगळ्यांसमोर म्हणाला.

"मग मिटूनच मार ना एकदा."

सगळे हसले. लव्हर्नने विनोद केलेला नव्हता.

घरी त्याची बायको अर्डेल समजूत घालायची, "गोळी तर तुझीच आहे ना?"

"बक्षिसावर गोळीचं नाव कोरतात का?"

नंतर तो प्रत्येक घाण्यातल्या सगळ्यांत उत्तम गोळ्या निवडून स्वतःला ठेवायला लागला आणि उरलेल्या डॉयलला द्यायला लागला. डॉयल तरीही जिंकत राहिला. आता गोळीलाही दोष देता येईना. लव्हर्नला हे फार लागलं.

त्या उन्हाळ्यात राज्याचा सामना आमच्याच मैदानावर होता. लव्हर्नकडे खराब वाट्यांपासून झालेल्या गोळ्यांचा एक डबा वितळवायला काढून ठेवलेला होता. सामन्याच्या सकाळी त्याने तो डॉयलच्या टेबलावर ठेवला.

"ताज्या आहेत?" डॉयलने विचारलं.

"तुझ्यासाठीच काढल्यात," लव्हर्न म्हणाला.

डॉयलचा पहिला कागद माझ्याकडे आला. चार गोळ्या एका भोकात, पाचवी पार बाजूला. माझंच चुकलं असेल म्हणून मी परत मोजलं. पुढचा कागद तसाच, त्याच्या पुढचाही तसाच. डॉयलच्या गप्पा थांबल्या. त्या दिवशी लव्हर्न पहिला आला. लोकांनी त्याला खांद्यावर थापा मारल्या, फोटो काढले.

डॉयल गाडीत सामान भरत होता. लव्हर्न जवळ गेला तसा तो हळूच म्हणाला, "डोळा गेला रे माझा."

"काहीतरीच काय."

"माझ्या बापाचं असंच सुरू झालं होतं, याच वयात. मग वर्षभरात काही दिसेना. उद्या बसच्या चाव्या देऊन टाकतो. मागे पोरं बसलेली असतात, धोका कशाला घ्यायचा?" मग त्याने बंदुकीची पेटी पुढे सरकवली. "ही तू घे. हिला तुझ्याच गोळ्यांची सवय आहे."

लव्हर्नने पेटी घेतली नाही, पण खरं काय तेही सांगितलं नाही. पुढे त्याने मला सांगितलं, "खरं सांगू? आधी बरं वाटलं मला. म्हटलं, आता दर शनिवारी मीच." घरी अर्डेलने त्याच्या जिंकण्याच्या आनंदात कांदा परतून पियरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडीच्या करंज्या, केल्या होत्या. दोन घास खाऊन त्याने ताट सरकवलं आणि तिला सगळं सांगितलं. अर्डेल ओरडली नाही. "त्याने चाव्या द्यायच्या आत जा," एवढंच म्हणाली.

सकाळी लव्हर्न गेला तेव्हा डॉयल अंगणात बस धूत होता. शेवटचीच वेळ म्हणून अगदी घासूनपुसून.

"डोळे ठीक आहेत तुझे," लव्हर्न म्हणाला. "गोळ्या खराब होत्या. मला माहीत होतं."

डॉयलने नळ बंद केला. "माहीत होतं म्हणजे?"

"मुद्दाम दिल्या."

डॉयलने हातातलं फडकं बसच्या पायरीवर टाकलं. "हरवलंस त्याचं काही नाही. पण मी आंधळा होणार म्हणून माझी बायको काल ढसाढसा रडली, लव्हर्न. तू काल माझ्यासमोर उभा होतास. तेव्हा का नाही बोललास?"

डॉयलने पुन्हा नळ सोडला.

"जा इथून."

लव्हर्न तिथून थेट माझ्याकडे आला, बक्षिसाची ढाल टेबलावर ठेवली आणि झालेलं सगळं सांगून, ते क्लबात जाहीर करायला सांगितलं. मी केलं. काही जणांनी त्याच्याकडून गोळ्या घेणं बंद केलं. डॉयल वर्ष संपेपर्यंत त्याच्याशी बोलला नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी गोळ्या वापरून कधी जिंकला, बऱ्याचदा हरला. बस मात्र चालवत राहिला.

बर्फ वितळल्यावर तो एक दिवस लव्हर्नच्या गॅरेजच्या दारात येऊन उभा राहिला. "त्या दुसऱ्याच्या गोळ्या भिकार आहेत," तो म्हणाला. "माफबिफ काही केलेलं नाही मी तुला. गोळ्या हव्यात."

लव्हर्नने स्वतःसाठी निवडून ठेवलेला डबा उचलून त्याच्या हातात दिला.

पुढच्या सामन्यात दोघांच्याही गोळ्या एकाच घाण्यातल्या होत्या. शेवटच्या कागदाला डॉयलचा वाऱ्याचा अंदाज चुकला, आणि लव्हर्न जिंकला, कसलीही खोट नसलेलं जिंकणं. मला वाटलं, आता तरी याचं मन निवेल. चर्चच्या बायकांनी मांडलेल्या जेवणाच्या रांगेत तो माझ्यापुढे उभा होता. पलीकडच्या टेबलावर डॉयल अनोळखी लोकांना ऐकवत होता, "तो बघा, तो उंच म्हातारा! वारा असा वाचला आज त्याने, मला धुऊन काढलं!"

लव्हर्नने रिकामी ताटली छातीशी धरली होती. कान लाल झाले होते.

"बघतोयस ना?" तो माझ्या कानाशी पुटपुटला. "खरंच खूश आहे तो. मी जन्मात एकदाही असा हरलो नाही. हेही मेल्याला माझ्यापेक्षा चांगलं जमतं."