प्रेसनोटमध्ये न मावलेलं

विद्यापीठाच्या जनसंपर्क कार्यालयात काम करतो म्हटलं की लोकांना वाटतं, आमच्याकडे बातम्या असतात. बातम्या संध्याकाळी ईमेलने निघून जातात. आमच्याकडे उरतात ते किस्से. नंदुरबारला आल्यापासून नुसते साचतायत.

*

जाहिरातीत विद्यापीठाचा म्हणून आमच्याच टेबलावरचा नंबर छापला जातो. एकदा रनाळ्याहून एका बाईंचा फोन आला. मुलगा नुकताच होस्टेलला आलेला, फोन उचलत नव्हता. मी प्रवेश, परीक्षा, काय हवं ते विचारत राहिलो. त्यांचं एकच, "मन्हा पोऱ्या जेवना का?"

माझी सहकारी वैशाली मेसमध्ये जाऊन बघून आली. मी सांगितलं, जेवला, भाजी दोनदा घेतली.

मग बाई म्हणाल्या, "घरमा त कधी लेत नही."

*

आमचे एक पाटील सर, ब्राह्मणपुरीचे. कार्यक्रमाच्या बातमीत आपलं नाव यावं म्हणून फार आग्रही. आम्ही वैतागायचो. मग एकदा त्यांनीच सांगितलं, गावी आई पेपर उघडते ती फक्त 'उपस्थित होते'ची ओळ बघायला. त्यानंतर वैशालीने त्यांचं नाव कधी गाळलं नाही. हाताला सवयच लागली.

एकदा सर रजा घेऊन दिवसभर आईजवळ बसून होते. दुसऱ्या दिवशी पेपरात सर व्यासपीठावर उपस्थित! म्हातारीने ओळ वाचली, चष्मा काढला आणि लेकाला विचारलं, "मंग काल मन्हाजोडे कोन बठेल व्हतं?"

*

माहितीपत्रकासाठी फोटो हवे होते. वरून सूचना आली, आदिवासी मुली पारंपरिक वेशात दिसू द्या. अक्कलकुव्याकडची एम.एस्सी.ची एक मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, ते आम्ही लग्नात घालतो. आज प्रॅक्टिकल आहे."

फोटो लॅबमध्येच काढला. छापून आल्यावर तिने घरी द्यायला एक प्रत मागून नेली.

*

आणि हा पदवीप्रदानाच्या दिवशीचा. रविता धडगावच्या वरच्या पाड्यावरची, त्या वर्षी सुवर्णपदक मिळालेली. वडील पहिल्यांदाच विद्यापीठात आले होते. मला बातमीसाठी त्यांचं एक वाक्य हवं होतं. त्यांना पावरी येते, मराठी येत नाही. म्हणून रविताच मध्ये उभी राहिली. मी विचारलं, मुलीचं यश बघून कसं वाटतंय?

ते बोलायला लागले. मंडपातल्या खुर्च्या उचलल्या जात होत्या आणि ते हळू आवाजात, तिच्याकडे बघत, बोलतच होते. मध्येच त्यांनी डोंगराकडे हात केला. मग तोच हात तिच्या डोक्यावर ठेवला. रविता मान खाली घालून ऐकत होती.

ते थांबले. तिने ओढणीने चेहरा पुसला आणि मला म्हणाली, "ते म्हणतात, खूप आनंद झाला."

मी म्हटलं, अगं, एवढा वेळ बोलत होते. बाकीचं?

"बाकीचं मला बोलले, सर."