अन्नावरची वासना

नानाकाकांना भूक लागली होती आणि मी त्यांना पोथी वाचून दाखवत होतो. एक दिवस नव्हे, ओळीने नऊ दिवस. आयुष्यात मी गाढवपणा पुष्कळ केला, त्यातला बराचसा मित्रमंडळीत तिखटमीठ लावून सांगितला, आणि मंडळी पोट धरधरून हसली. हा गाढवपणा ऐकून कुणाला हसू आलं तर खुशाल हसावं. पण आधी घरात जाऊन अंथरुणाला खिळलेल्या आपल्या म्हाताऱ्याचं तोंड उघडून बघावं, आणि मग हसावं.

नानाकाका माझे सख्खे चुलते. वडील लवकर गेले, तेव्हापासून मुरुडला काका-काकूंनीच मला वाढवलं. त्यांना जाऊन आज पाच आठवडे झाले. नारळी-पोफळीची लहानशी वाडी, आणि तिच्यापेक्षा मोठा अभिमान आपल्या बत्तीस दातांचा! सत्तरीतही ते टणक रोठा सुपारी अडकित्त्यावाचून, दातांनी फोडत आणि माझ्याकडे असं बघत की जणू मीच ती सुपारी. कारण माझी एक दाढ पंचविसाव्या वर्षीच मुंबईच्या दवाखान्यात राहिली होती. त्यांचं मंजन घरचं. सुपारी जाळून तिचा कोळसा करायचा, त्यात खडे मीठ, तुरटी आणि लवंग घालून वस्त्रगाळ करायचं. सगळ्या आळीला ते फुकट वाटत, वर पुन्हा सकाळी कुंपणावरून डोकावून विचारत, "काय रे, घासलेस का?" मी एकदा मुंबईहून गुलाबी रंगाच्या विलायती पावडरीचा डबा आणला. चिमूटभर जिभेवर ठेवून म्हणाले, "बाप्या, हे दातांना लावायचं की भिंतींना?"

त्या काळ्या मंजनाने माझं एक लग्नही मोडलं. बोर्ली पंचतनला मुलगी बघायला जायचं होतं. खाडीवरची होडी सुटेल या धांदलीत मी दात खसाखसा घासले, आणि चूळ भरायची राहिली. मुलीकडे पोचलो, बैठकीवर ऐसपैस बसलो आणि भावी सासऱ्यांना प्रसन्न करण्यासाठी तोंडभर हसलो. चार दिवसांनी निरोप आला, "मुलगा शिकलेला आहे, पण मशेरी लावतो." घरात सगळ्यांची तोंडं उतरली. नानाकाका मात्र डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "घासायचं काम माझ्या मंजनाने केलं रे, चूळ तरी तुझी तू भरायचीस!" असा हा माणूस. या माणसाच्या तोंडाचं आम्ही काय केलं, ते आता सांगतो.

नवरात्राच्या आधी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. दिवाळीनंतर आगबोटीने मी रजा घेऊन पोचलो तेव्हा घरची चाकरी बघून मला भरून आलं. रोज ऊन पाण्याने अंग पुसणं, धूतवस्त्र, कपाळाला गंध, पाठीला खोबरेल. धोंडू न्हावी आठवड्याने येऊन दाढी करी. म्हाताऱ्याची नखंसुद्धा वेळच्या वेळी कापलेली. काय राहिलं होतं? एकच. ज्याचा उजवा हात गेला तो दात कशाने घासणार, हा प्रश्न त्या घरात दीड महिना कुणाच्या डोक्यात आला नाही. माझ्याही नाही, आणि मी तर घरातला शहाणा! मंजनाचा डबा कोनाड्यात भरलेला होता. मी त्यातलंच चिमूटभर घेऊन रोज सकाळी स्वतःचे दात घासत होतो.

मी गेलो त्याच आठवड्यात काकांनी जेवण सोडलं. भाताचा घास तोंडाशी नेला की मान फिरवत. काकू कासावीस झाली, आणि मग कुणीतरी ते वाक्य बोललं... कुणीतरी कशाला, मीच बोललो. "काकू, आता अन्नावरची वासना उडाली. ही जाण्याची खूण." आपल्याकडे या वाक्यापुढे माणसाचं काही चालत नाही. म्हाताऱ्याची वासना उडाली म्हटलं की घास पुढे करणारा हात आपोआप मागे येतो, आणि तोच हात पोथी काढतो. पोथी वाचायला सुस्पष्ट वाणीचा पुतण्या हजर होताच.

काका डावा हात उचलून पुन्हा पुन्हा तोंडाकडे नेत. बोट ओठांवर टेकवत आणि माझ्याकडे बघत. मी सगळ्यांना अर्थ समजावून सांगितला, "नामस्मरण करा म्हणताहेत." मग आम्ही त्यांच्याभोवती बसून रामनामाचा गजर केला! ते डोळे मिटून घेत. मी म्हणे, "बघा, समाधान झालं." त्या मिटलेल्या डोळ्यांनी ते मला काय काय म्हणत असतील, ते मला आता ऐकू येतं.

वैद्यबुवा आले. त्यांनी नाडी धरली, पोट दाबलं आणि विचारलं, "आहार?" काकू तोंड उघडणार तोच मी म्हटलं, "वासना उडाली आहे." वैद्यबुवांनी मान डोलावली. माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाने निदान तयार ठेवलं होतं, ते त्यांनी उचललं आणि छत्री घेऊन निघाले. जीभ दाखवा म्हणाले नाहीत. चार आण्यांचं वांगं घेताना आपण उलटंपालटं करून बघतो, पण सत्तर वर्षांच्या माणसाचं तोंड उघडून बघायला आपल्याला सवड नसते.

काकू एकदा हळूच म्हणाली, "ह्यांच्या तोंडाला वास येतो रे बाप्या. फार घाण वास." मी गंभीरपणे म्हणालो, "शेवटी शेवटी येतोच काकू." असा शेवटचा वास मी पूर्वी कुठे घेतला होता, देव जाणे.

आणि धोंडू! सगळ्यांत जास्त मला माझा राग येतो तो धोंडूच्या आठवणीने. दाढी करताना वस्तरा थांबवून तो म्हणाला, "बापू, उजवा गाल टणक लागतोय. वस्तरा टेकला तरी काका कळवळतात. आत कायतरी हाय. बोट घालून बघू काय?"

"खुळा का काय तू? आत्ताच गंगोदक दिलंय," मी खेकसलो. "त्या मुखात आता न्हाव्याचं बोट?"

धोंडूने वस्तरा पुसला. "बरं तर. तुमी शिकल्याली माणसं. पन आत हाय कायतरी, न्हाय असं न्हाय."

नवव्या दिवशी दुपारी श्वास जड झाला. शेजारीपाजारी जमले. तुळशीपत्र आणि पळीत गंगाजल आणलं आणि ते मुखात घालायचा मान माझ्याकडे आला. काकांचे ओठ घट्ट मिटलेले. मी दोन बोटांनी जबडा उघडला, आणि पळी माझ्या हातातून खाली पडली. हिरड्या काळ्यानिळ्या पडून सुजलेल्या. टाळूवर दह्याच्या सायीसारखा थर. मागची एक दाढ मोडून तिची कड गालाच्या मांसात रुतलेली, भोवती पू. आणि त्या लुळ्या गालाच्या पोकळीत भात. आंबून कुजलेल्या भाताचा लिंबाएवढा गोळा. आम्ही भरवलेला, त्यांना गिळता न आलेला, जिभेने बाहेर काढता न आलेला... त्याच्यावर आम्ही नऊ दिवस गंगाजल ओतत होतो.

"धोंडूला बोलवा," एवढंच मी म्हणालो. त्या दिवशी मी बोललेलं पहिलं शहाणपणाचं वाक्य. धोंडू आला, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कोमट पाण्यात मीठ घातलं, बोटाला स्वच्छ फडकं गुंडाळलं, काकांना कुशीवर वळवून उशाशी परात धरली आणि लेकराचं तोंड पुसावं तसं सगळं तोंड आतून पुसून काढलं. हलणारी दाढ चिमट्याने उचलली. काका एकदाच ओरडले, आणि मग त्यांनी डाव्या हाताने धोंडूचं मनगट धरलं ते सोडेनात. "झालं काका, झालं," धोंडू म्हणत होता. तासाभराने काकूने मऊ पेज आणली, तुपाची धार सोडून. काकांनी वाटी संपवली. काकू उठायला गेली तर काकांच्या हातातून वाटी सुटेना. त्यांना आणखी हवी होती! दुसरी वाटी संपवली. अन्नावरची वासना उडालेल्या माणसाने सूर्य मावळायच्या आत तीन वाट्या पेज खाल्ली.

पण पू गळ्यापर्यंत उतरला होता. ताप काही हटला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. पोटात पेज होती, एवढंच काय ते आम्ही केलं. आणि तेही आम्ही नाही, धोंडूने.

मग समाचाराला माणसं येऊ लागली. जो तो म्हणे, "भाग्यवान हो! मुखात तुळशीपत्र, गंगाजल... असं मरण कुणाला येतं?" पहिल्या दिवशी मी ऐकून घेतलं, दुसऱ्या दिवसापासून भडकू लागलो. मुखात! त्या मुखात काय होतं ते मी वर्णन करून सांगू लागलो. बायका तोंडाला पदर लावून उठत, पुरुष खाकरत. मी कुणाला सोडत नव्हतो. दोन वेळा मिठाच्या पाण्याने म्हाताऱ्याचं तोंड पुसा, जेवल्यावर गाल तपासा, बोलता येत नसेल तर बोटाने तरी विचारा, घास नको म्हणाला तर आधी तोंड बघा आणि मग पोथी काढा. पडवीत उभा राहून मी हे इतकं ओरडून सांगत होतो की रस्त्याने जाणारी माणसं थांबत.

निघायच्या आदल्या दिवशी असाच माझा पट्टा चालला होता. शेजारचे अप्पा बिचारे मुकाट्याने मान हलवत होते. काकू जात्याशी तांदूळ निवडत होती. सबंध सुतकात ती माझ्याशी चार शब्दांपलीकडे बोलली नव्हती. मी जरा दम घ्यायला थांबलो, तेवढ्यात तिने सुपातली नजर न उचलता म्हटलं,

"बाप्या, तेव्हा तुझं तोंड मिटलेलं असतं ना, तर ह्यांचं कुणीतरी उघडून बघितलं असतं."